ओवाळणीची तिकिटं

ठाणे,
५ नोव्हेंबर २०२४

ती. शीलाताईस,
सुदेशचा साष्टांग नमस्कार.

परवा भाऊबीजेला तुझा चेहरा तूच बघायला हवा होतास. ताटात साडीऐवजी पाकीट पडलं तेव्हा तुला वाटलं, याने या वर्षी नोटा घालून काम उरकलं. लगेच नाक मुरडलंस. आतून कॅलगरीची दोन विमानाची तिकिटं निघाली आणि तुझी बोलतीच बंद झाली. तुझी भावजय देवयानी घरी पोचेपर्यंत तुझी नक्कल करून हसत होती.

दाजी मात्र हसले नाहीत. 'सुदेश, अरे पण तिकिटं...' म्हणून काहीतरी बोलायला लागले. मी म्हटलं, 'दाजी, एक शब्द बोलायचा नाही. ही माझी आणि माझ्या बहिणीची बाब आहे.' ताई, लग्न झाल्यापासून या माणसाने माझ्या घरी चहाशिवाय काही घेतलेलं नाही. सान्वीच्या बाळंतपणासाठी निघालात, तर निदान जाणं-येणं मामाकडून होऊ दे. पोरीला मी खांद्यावर घेऊन हिंडवलंय.

आता कामाचं. इथे वागळे इस्टेटमध्ये माझ्या शेजारच्या गाळ्यातला देवराम सांगत होता, त्याचे सासरे परदेशात जिन्यावरून पडले. विमा नव्हता. त्याने सगळं ऐकवलं आणि माझा जेवणाचा डबा तसाच राहिला. दाजी म्हणाले होते ना, की त्यांच्या बँकेच्या खात्याबरोबर प्रवासाचा विमा येतो? तो पुरेसा आहे का, ते नीट विचारून घे. फोन करू नकोस. प्रेसच्या आवाजाने माझे कान गेलेत आणि मोबाईलवर टाइप करायला बोटं जाड आहेत. पत्रच टाक.

तुझा,
सुदेश

*

ठाकुर्ली,
११ नोव्हेंबर २०२४

चि. सुदेश यास अनेक आशीर्वाद.

नाक मी मुरडलं नव्हतं. ते मुळात तसंच आहे, आणि तुझंही तसंच आहे.

तिकिटांच्या पाकिटाला हळदकुंकू लावून मी ते देव्हाऱ्यात ठेवलंय. तुझ्या दाजींनी दोनदा विचारलं, 'जरा काढतेस का ते, बघायचंय.' मी म्हटलं, निघायच्या दिवसापर्यंत कोणी हात लावायचा नाही. माझ्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा शहाणपणाची ओवाळणी घातलीय, जरा देवालाही बघू दे.

विम्याचं म्हणशील तर तू काळजी करू नकोस. निवृत्तीचे पैसे ठेवल्यापासून बँकेने त्यांचं खातं वरच्या वर्गात घातलंय, त्यात परदेश प्रवासाचा विमा आपोआप येतो. आणि तुझे दाजी म्हणजे काय माणूस आहे ते तुला माहीत आहे. रंगाच्या कंपनीत आयुष्यभर माल तपासण्यात गेलं, अजून मिठाच्या पुडीवरचं सगळं वाचल्याशिवाय पुडी फोडत नाहीत. तिकिटं आल्यापासून दोनदा बँकेत जाऊन आले. तिथे कल्पिता म्हणून मुलगी आहे, तिच्यासमोर बसून सगळं विचारलं.

आता गंमत ऐक. परवा येताना माझ्यासाठी वेगळा विमा विकत काढून आले! मी म्हटलं, हा कशाला? तर म्हणाले, 'खातं माझ्या नावावर आहे, तुझ्या नाही. माझं खात्यात आहे, तुझं विकत घेतलं.' म्हणजे नवऱ्याचा विमा घरचा आणि बायकोचा बाजारचा. मी दिवसभर चिडवलं, पण एरवीसारखे उलटून बोलले नाहीत.

बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू न्यायचेत. विमानात चालतात का, ते देवरामला विचार. त्याला सगळंच माहीत दिसतंय.

तुझी,
ताई

*

ठाणे,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस सा. न.

देवरामला लाडवांचं माहीत नाही. म्हणाला, नेताना दोन इथे ठेवून जायला सांगा.

ताई, मला एक पटलं नाही. दाजींना स्टेंट आहे. तुला तर साधा गुडघासुद्धा दुखत नाही. मग वेगळा विमा तुला आणि फुकटातला त्यांना, हा कुठला हिशेब? खात्यातला विमा हृदयाचं दुखणं धरतो का? उगीच चार पैसे वाचवायला बघू नका म्हणावं. त्यांना माझ्याकडून घ्यायला लाज वाटत असेल तर मी गुपचूप काढतो, तू फक्त त्यांचा पासपोर्टचा नंबर पाठव.

सुदेश

*

ठाकुर्ली,
८ जानेवारी २०२५

चि. सुदेश यास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. भाजणी, मेतकूट, बाळाची झबली, सान्वीची रोजची नवी यादी. उद्या निघायचं.

तुझ्या सांगण्यावरून मी त्यांना सरळ विचारलं. म्हटलं, सुदेश विम्याचं विचारतोय, तुमच्या हृदयाचं त्यात धरतात का, नाहीतर तो काढून देतोय. त्यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, 'सुदेशला सांग, मी विचारून आलोय. माझं जेवढं आहे तेवढं पुरेसं आहे.' आणि चष्मा पुसत बसले. आता त्यांना काही लपवायचं असलं की ते चष्मा पुसतात, हे तुलाही माहीत आहे. पण समोर चहा होता, वाफ बसली असेल म्हणून मी सोडून दिलं. निघायच्या आदल्या दिवशी भांडण कोण उकरून काढणार?

नंतर संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, 'तू एकटी गेली असतीस का गं?' मी म्हटलं, एकटी मी कल्याणच्या पुढे कधी गेले नाही, विमान बदलून कॅनडाला कुठे जाऊ? तुम्ही नाही तर मी नाही. 'तेच म्हणतो मी,' म्हणाले.

तिकडून पत्र लिहीन आणि सान्वी त्याचा फोटो काढून देवयानीच्या फोनवर पाठवील. दोन लाडू डब्यात तुझ्यासाठी ठेवलेत. शेजारी किल्ली आहे.

ताई

*

कॅलगरी,
२१ फेब्रुवारी २०२५

सुदेश,

सान्वीने तुम्हाला फोनवर सांगितलंच. मला लिहायला आज जमतंय.

बाळाला त्यांनी हातात घेतलं होतं, फोटो तुझ्याकडे आला असेल. तिच्याशी मराठीत हवामानावर बोलायचे. 'बाहेर बर्फ आहे बाई, ठाकुर्लीला असं काही नसतं.' त्या दिवशी सकाळी सान्वीचा प्रशांत कामावर गेला होता. दारासमोर बर्फ साचला होता आणि इथला पोस्टमन घसरेल म्हणून तुझे दाजी फावडं घेऊन बाहेर गेले. मी आत बाळाला न्हाऊ घालत होते. पाणी अंगावर पडलं की ती रडते, त्या रडण्यात मला बाहेरचं काही ऐकू आलं नाही.

दवाखान्यात बरेच दिवस होते. बोलले नाहीत. शेवटी हात हलवत होते, मला वाटलं चष्मा मागताहेत, मी घातला. मग शांत झाले.

बँकेचा विमा लागू होत नाही, असं कळवलंय. दवाखान्याचं सगळं या दोन पोरांच्या अंगावर आलंय. घर घ्यायचं ठरवलं होतं, ते राहिलं. सान्वी ओल्या बाळंतिणीच्या अंगाने माझ्यासमोर उभी राहून म्हणत होती, 'आई, बाबांना आपण घरी घेऊन जाऊ, काहीही करू.' मी नको म्हटलं. ते माझ्या तोंडून गेलं, सुदेश. जिवंत आहेत त्यांचं आधी बघायला हवं होतं. इथेच केलं सगळं. चार माणसं होती, त्यातली दोन मला ओळखीची नव्हती. प्रशांतने एक बटण दाबलं आणि झालं.

त्यांचं जे उरलंय ते घेऊन मी मार्चमध्ये येते. विमानतळावर ये. विम्याचं काही विचारू नकोस.

ताई

*

ठाणे,
२८ मार्च २०२५

ती. ताईस,

वाईला कृष्णेत अस्थी सोडल्या तेव्हा तू रडली नाहीस. मीच रडलो. घरी आल्यापासून मशीन चालू करतो आणि नुसता उभा राहतो.

मला खांदा द्यायचा होता ताई. माझा सख्ख्या भावासारखा माणूस चार परक्या लोकांत गेला आणि मला त्याला उचलतासुद्धा आलं नाही. त्याऐवजी मला एक डबा धरायला मिळाला. त्याला काही वजनच नव्हतं.

विमा का नाकारला ते तू सांगत नाहीस. मी मागितले तर कागद देत नाहीस. बँकेत येतो म्हटलं तर 'नको' म्हणतेस. मग मला जे समजायचं ते मी समजलो. दाजींनी वाचलंच नसेल, किंवा वाचून दुर्लक्ष केलं असेल. मी त्यांच्यावर प्रेम केलं, पण आज बोलतो, मला राग आलाय. फुकट मिळतंय म्हणून त्यावर विसंबून हा माणूस हृदयाचं दुखणं घेऊन बर्फात गेला. मी काढून देतो म्हणत होतो! त्यांचा ताठा आडवा आला. माझं घ्यायचं नाही, आणि स्वतःचं खर्चायचं नाही. त्यापायी तुला त्यांना तिथे सोडून यावं लागलं.

लिहून मोकळा झालो. राग धरू नकोस.

सुदेश

*

ठाकुर्ली,
५ एप्रिल २०२५

चि. सान्वीस अनेक आशीर्वाद. छकुलीला पापा.

तू फोनवर म्हणालीस, मामाला खरं सांगून टाक, तो बाबांना उगीच नावं ठेवतोय. त्याचं पत्र माझ्यासमोर पडलंय. वाचून मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण सान्वी, मी त्याला काय सांगू? की बँकेच्या त्या विम्याला अट होती, तिकीट त्याच खात्याच्या कार्डावरून काढलेलं पाहिजे? की तिकिटं तुझ्या मामाने त्याच्या पैशांनी काढली, म्हणून तुझ्या बाबांना विमाच उरला नाही?

तो लहान असताना माझ्यासाठी आणलेली बर्फी वाटेत सांडली म्हणून दोन दिवस जेवला नव्हता. भाऊबीजेच्या त्याच्या पाकिटामुळे हे झालं असं त्याला कळलं, तर तो पुन्हा माझ्या दारात उभा राहायचा नाही. तुझे बाबा आता कोणाच्या बोलण्याने दुखावणार नाहीत. मामा दुखावेल. म्हणून त्याला बाबांना नावं ठेवू दे. मी ऐकून घेते. माझ्याच्याने होईल तेवढे दिवस घेईन.

तू त्याला काही सांगायचं नाहीस. तुला माझी शपथ आहे.

आई

*

ठाणे,
२ जुलै २०२५

ती. ताईस सा. न.

बऱ्याच दिवसांनी जरा बरं वाटतंय, म्हणून लिहितो.

आमच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांचा मेळावा असतो. बऱ्याच जणांची मुलं परदेशात, सगळे जाऊन-येऊन असतात. त्यांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दाजींचं सांगितलं. नाव घेतलं नाही, 'माझे मेहुणे, ठाकुर्लीचे' एवढंच म्हटलं. म्हटलं, बँकेच्या खात्याबरोबर आलेल्या विम्यावर विसंबून जाऊ नका. माझे मेहुणे हुशार होते, शिकलेले होते, पण फुकटच्या विम्याचा मोह सुटला नाही आणि देह परक्या देशात ठेवावा लागला. अगं, बायका डोळे पुसत होत्या. एक गृहस्थ दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, मी वेगळा विमा काढला. आता शेजारच्या दोन सोसायट्यांनी बोलावलंय.

दाजींचं जाणं कोणाच्या तरी उपयोगी पडलं, असं मनाला समजावतो.

सुदेश

*

ठाकुर्ली,
२० जुलै २०२५

सुदेश,

परवा मी भाजी घेत होते. ओळखीची ना पाळखीची एक बाई जवळ आली आणि हळूच म्हणाली, 'सॉरी हं, विचारते. ते विम्याचे पैसे वाचवायला गेलेले ते तुमचेच मिस्टर ना? माझी बहीण ठाण्याला असते, तिने मीटिंगमध्ये ऐकलं.' वर म्हणाली, 'पुरुषांचं असंच असतं हो.' मी हातातली मेथी तिथेच टाकून घरी आले. मिठाची पुडी वाचून फोडणारा माझा माणूस, आणि ठाणे ते ठाकुर्ली त्याचं नाव असं झालं!

आजवर मी तुझ्यासाठी गप्प बसले. आता त्यांच्यासाठी बोलते. बसून वाच. देवयानीला जवळ घे.

विमा नाकारला, कारण तिकिटं त्यांच्या कार्डावरून काढलेली नव्हती. तशी अट होती. हे मला कॅलगरीलाच कळलं होतं. मला वाटत होतं की तुझ्या दाजींना ते ठाऊक नव्हतं. मग काल त्यांचं खातं बंद करायला बँकेत गेले. कल्पिताने मला ओळखलं आणि रडायलाच लागली. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते.

'काकू, काका दिवाळीच्या आधीच येऊन गेलेले. मी तेव्हाच सांगितलेलं, तिकिटं याच कार्डावरून काढा. ते काढणारच होते. मग भाऊबीजेनंतर आले आणि म्हणाले, तिकिटं मेहुण्याने ओवाळणीत घातली. मी बोलले, काका, ती कॅन्सल करा ना, थोडे कापले जातील, परत आपल्या कार्डावरून काढा. तर म्हणाले, अगं, तिने त्या पाकिटाला हळदकुंकू लावून देवापाशी ठेवलंय. ते उचलून रद्द कसं करू? माहेरचं काही मिळालं म्हणून इतकी खूश मी तिला कधी बघितली नाही.

'मग मी बोलले, दोघांच्या वेगळ्या पॉलिसी काढा. तुमची लगेच निघाली. काकांना स्टेंट होता, म्हणून आधी तपासण्या सांगितल्या. काका दोन दिवसांनी आले आणि नको म्हणाले. म्हणाले, तपासणीत काही निघालं तर डॉक्टर जाऊ देणार नाहीत. मी गेलो नाही तर ती जाणार नाही. आणि पोरीजवळ आई पाहिजे. मी खूप बोलले काकू. ते हसले फक्त. म्हणाले, घरी सांगू नकोस, माझं खात्यात आहे असंच म्हणेन.'

हे असं आहे सुदेश. त्यांना सगळं ठाऊक होतं. मला विकतच्या विम्यात गुंडाळून घेतलं आणि स्वतः उघडे आले. मी त्यांना चिडवत होते!

मला त्यांचा इतका राग येतो. इतकं कोणी सांगितलं होतं माझं माहेर सांभाळायला? एकदा तोंड उघडलं असतं तर मी स्वतः ते पाकीट देवापुढून उचललं असतं. रात्री उठून भांडते त्यांच्याशी. पण कंजूष म्हणू नकोस. यापुढे म्हणू नकोस, आणि जिथे जिथे म्हणालास तिथे जाऊन पुसून ये.

तुझ्यावर राग नाही. तुझा दोष नाही.

ताई

*

ठाकुर्ली,
१४ ऑगस्ट २०२५

चि. सुदेश,

राखीला आला नाहीस. देवयानी म्हणाली, बरं नाही. काय होतंय, तेवढं कळव.

ताई

*

ठाणे,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. ताई,

लिहायला बसायचो आणि उठायचो.

तिन्ही सोसायट्यांत जाऊन आलो. उभा राहिलो आणि म्हटलं, मागे मी माझ्या मेहुण्यांबद्दल चुकीचं बोललो. ते कंजूष नव्हते. त्यांनी सगळं विचारलं होतं, सगळं समजून घेतलं होतं, आणि माझी भेट मोडायला नको म्हणून ते गप्प राहिले. ते बोलायला लागले तेव्हा त्यांना गप्प मीच केलं. एवढं म्हटलं आणि खाली बसलो.

रोज तेच डोळ्यांपुढे येतं. 'सुदेश, अरे पण तिकिटं...' मी म्हटलं, एक शब्द बोलायचा नाही. आणि तो भला माणूस खरंच बोलला नाही.

या भाऊबीजेला मी येणार नाही. तू म्हणतेस दोष नाही. पण ताई, कोणत्या हाताने तुझ्या ताटात काही घालू? मी जे घातलं त्याने तुझं कपाळ मोकळं झालं. देवयानी येऊन जाईल. मला बोलावू नकोस.

सुदेश

*

ठाकुर्ली,
१७ ऑक्टोबर २०२५

चि. सुदेश यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा रडले. वाईला रडले नव्हते ते सगळं आता निघालं. सान्वीला व्हिडिओ फोन केला, तीही रडली. छकुली आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत राहिली. आता ती बसायला लागली आहे.

या वर्षी माझ्याकडे सण नाही. कंदील नाही, फराळ नाही. पण भाऊबीजेला पाट मांडणार आहे, आणि तो देवयानीसाठी नाही. मला एक नवरा होता, तो गेला. भाऊही एकच आहे. एकाच्या ओवाळणीमुळे दुसरा गेला असा हिशेब मांडून मी दोघांनाही घालवू, असं तुला वाटतं का? तुझ्या दाजींनी जीव गेला तरी ती ओवाळणी मोडली नाही. आता तू ती मोडणार?

त्यांच्यासाठी ये. तुझ्या शेजारी त्यांचा पाट रिकामा असेल, तो बघायची माझी एकटीची ताकद नाही. ताटात काही घालू नकोस, नुसता बस. तुझं श्रवणयंत्र नीट लावून ये म्हणजे मला ओरडावं लागणार नाही.

आणि एक काम आहे. ते पाकीट निघताना मी पर्समध्ये नेलं होतं, आल्यावर होतं तिथेच ठेवलं. अजून देव्हाऱ्यात आहे. रोज दिवा लावताना हात तिथपर्यंत जातो आणि मागे येतो. तू आलास की आपण दोघं मिळून काढू.

तुझी,
ताई